हर्णै बंदरास, तापीकाठून

हर्णैस,


आमच्या खानदेशातून समुद्राला पत्र जाण्याची रीत नाही. आमच्याकडे तापी आहे. ती सातपुड्यात मुलताईला उगम पावते, भुसावळ-जळगावच्या काळ्या जमिनीतून आणि प्रकाशाच्या घाटांवरून वाहत जाते आणि ७२४ किलोमीटरची वाट संपवून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आमच्या शेतांवरून वाहिलेलं पाणी शेवटी समुद्रालाच पोचतं, पण त्या पाण्याच्या मागोमाग जाऊन समुद्र पाहणारी माणसं आमच्यात थोडीच निघाली. आमच्या आज्यांनी पंढरपूर केलं, सप्तशृंगीचा गड केला, मुंबईत कुणी नातलग असलाच तर चौपाटी पाहिली आणि तेवढ्यावर त्यांचा समुद्र झाला. आता दिवस पालटलेत. दिवाळी झाली, कापसाचे चार पैसे हाती आले की एमएच-१९ आणि एमएच-१८ पाटीच्या गाड्या कोकणाच्या रस्त्याला लागतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्या दापोलीवरून तुझ्याकडे उतरतात. त्यांच्याबद्दल आणि तुझ्याबद्दल माझ्या मनात जे साचलंय ते चार लोकांच्या कानावर जावं म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

तुझी-आमची ओळख या गाड्यांच्या फार आधीची आहे. तुझ्याच तालुक्यातल्या पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, जन्मले. दापोलीच्या इंग्रजी शाळेत शिकले, मग औंध, पुणे अशी गरिबीतली वणवण करून तत्त्वज्ञान शिकायला म्हणून अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. प्रताप शेठजींनी उभारलेली ती संस्था. तिथलं शिक्षण बाजूला राहिलं आणि १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. पुढची सहा वर्षं ते आमचे होते. छात्रालयातल्या मुलांच्या कंदिलांच्या काचा पुसायच्या, अंथरुणांच्या घड्या घालायच्या, रात्र जागून त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढायचं आणि सकाळी ते वाचायला लावायचं, असा तो मास्तर. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. अमळनेरात त्यांचं नाव घेतलं की आजही म्हाताऱ्या माणसाचा हात नकळत छातीशी जातो.

धुळ्याच्या तुरुंगाची गोष्ट तर तुझ्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा तिथे कैद्यांपुढे गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते शब्द उतरवून घेत होते. अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं झाली. ‘गीता प्रवचने’ आज देशातल्या कितीतरी भाषांत वाचली जातात, आणि ती बोलणारा पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, लिहून घेणारा पालगडचा, भिंती मात्र धुळ्याच्या. इतिहासाचार्य राजवाडेही कोकणातल्या वरसईचे. त्यांनी अखेरचा श्वास धुळ्यात घेतला, ३१ डिसेंबर १९२६ ला. त्यांनी गोळा केलेली दप्तरं सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यातच उभं आहे. कोकणाने आम्हाला माणसं दिली. त्या बदल्यात आम्ही काय करतो? शुक्रवारी रात्री गाडी काढतो, शनिवारी किनाऱ्यावर फोटो काढतो आणि रविवारी संध्याकाळी परत निघतो. मला हे पुरेसं वाटत नाही. जिथली माणसं आपल्याकडे येऊन आयुष्य देऊन गेली, तिथे पाहुण्यासारखं चार दिवस राहावं, घरच्या कामाची विचारपूस करावी, एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

आमच्याकडून निघताना मंगला एक्स्प्रेस सोयीची. ती जळगावला थांबते आणि पुढे कोकण रेल्वेवरच जाते. आम्ही पनवेलला उतरून गाडी बदलली, खेडला उतरलो आणि एसटी धरली. दापोलीला उन्हाचा ताव कमी होता. जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात त्या गावात चहा घेतला आणि तुझ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागलो. बरोबर सावद्याकडचे मामा होते. आयुष्यभर केळी लावलेला माणूस. गळ्यात माळ, मासळीचा वासही घरात न चालणारा. समुद्र बघायला ते तयार झाले ते आमच्या आग्रहाखातर, आणि तुझ्या वाळूवर पाऊल ठेवल्यावर समुद्राकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष लिलावाकडे गेलं.

संध्याकाळची वेळ होती. मोठ्या होड्या लांब उभ्या होत्या, किनाऱ्याला लागत नव्हत्या. त्यांच्यापासून लहान होड्या माल घेऊन येत होत्या आणि त्या होड्यांना सामोऱ्या बैलगाड्या पाण्यात शिरत होत्या. आमच्या मामांनी बैल नदीतून पार होताना पाहिलेत, पण लाटेत उभा राहणारा बैल त्यांनी पहिल्यांदा पाहिला. गाडीवाला गाडी उलटी वळवतो, मागची बाजू समुद्राकडे करतो, बैल किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. लाट आली की पाणी त्यांच्या पोटाला लागतं, कधी छातीपर्यंत चढतं. कान मागे पडतात, पण पाय हलत नाहीत. होडीतून टोपल्या गाडीत पडतात. मग गाडीवाला जिभेने टक्कन आवाज करतो आणि बैल ओल्या वाळूतून ओढ घेतात. मामा म्हणाले, “बैल शिकोला कसा असीन?” पुढे जाऊन त्यांनी गाडीवाल्याला खरंच विचारलं. सुरुवातीला लाटेला बुजणारा गोऱ्हा जुन्या बैलाशेजारी जुंपतात, हळूहळू त्याची भीड चेपते, असं तो म्हणाला. आमच्याकडेही नांगराला गोऱ्हा असाच धरतात. त्या एका उत्तरानंतर मामा तिथून हलायला तयार होईनात.

वाळूवर मासळीचे ढीग पडले. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा, म्हाकूल. प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. लिलाव पुकारणारीचा आवाज चढत जातो, कडं घट्ट होतं, कुणी मान हलवतो, कुणी दोन बोटं दाखवतो, आणि मी आकडा नीट ऐकेपर्यंत व्यवहार तुटलेला असतो. लगेच बर्फाचा चुरा पडतो, क्रेट उचलले जातात, टेम्पो भरतो. दालदी आणि कोळी, दोन्ही समाजांची माणसं त्या गर्दीत आहेत. शेजारच्या पाजपंढरीच्या बायका ठाम पावलांनी त्या चिखलवाळूत ये-जा करतात. एका कोळणीची टोपली लिलावात मनासारखी गेली नाही. तिने ओठ आवळून टोपलीवर हात ठेवला, क्षणभर तो तसाच राहू दिला आणि मग सोडला. मामांनी ते पाहिलं. मलाही दिसलं, कारण तो हात मी रावेरच्या बाजूला शेताच्या बांधावर पाहिला आहे. ट्रक भरून झालेला, भाव बोर्डावरच्या भावापेक्षा कमी लागलेला आणि घड कापून झाल्यामुळे ‘नाही देत’ म्हणायची सोय उरलेली नाही, अशा वेळी शेतकऱ्याचा हात घडावर असाच असतो.

हर्णै, मला तुझ्याविषयी जे म्हणायचंय त्याचं मूळ इथे आहे. आमचा जळगाव जिल्हा केळीवर जगतो. मृगबाग, कांदेबाग अशा दोन हंगामांच्या लागवडी होतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण घड कापला की त्याला थांबवता येत नाही. तो त्याच दिवशी भरावा लागतो, उत्तरेकडच्या बाजारांना लागावा लागतो. वाट पाहण्याची ताकद ज्याच्याकडे, भाव त्याच्या हातात. तुझ्या खलाशाचंही तेच आहे. डिझेल त्याने आधी भरलेलं, बर्फ आधी घेतलेला, जाळ्यांची दुरुस्ती आधी केलेली, दर्याचं भय आधी सोसलेलं, आणि भाव शेवटी, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून. मामांनी तिथल्या एका तांडेलाला विचारून घेतलं की खर्च वजा झाल्यावर मालकाचा हिस्सा किती, खलाशांचा किती, बर्फ कुणाच्या अंगावर पडतो. त्यानेही मामांना विचारलं, केळीला पाणी किती दिवसांनी, खताचा खर्च केवढा. दोघं एकमेकांचा हिशोब समजावून घेत उभे राहिले. सूर्य पाण्यात गेला तेव्हा सगळे पर्यटक तिकडे वळले आणि हे दोघं डिझेलच्या भावावर बोलत होते. परतताना मामा एवढंच म्हणाले, “आपला घड आन याहिचा मासा, दोन्हीले थांबता येत नही.”

पक्क्या जेट्टीची तुझ्या लोकांची मागणी फार जुनी आहे. तुझ्या बैलगाड्यांचे फोटो काढायला लांबून माणसं येतात, म्हणून कुणी म्हणेल की जेट्टी झाली तर ही शोभा जाईल. मी आमच्या बाजूने सांगते, शोभा गेली तरी चालेल. बैल आमच्या फोटोसाठी लाटेत उभा नाही, आणि ती बाई भिजलेल्या लुगड्याने टोपली वाहते ती आमच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून वाहत नाही. होडी धक्क्याला लागून माल कोरड्या जमिनीवर उतरला, शीतगृह जवळ असलं आणि एक दिवस तरी थांबायची ताकद तिच्या हातात आली, तर त्या टोपलीवरचा हात वेगळा दिसेल. आमच्याकडेही केळी पिकवण्याच्या खोल्या आणि शीतगृहं गावाजवळ यावीत म्हणून हीच धडपड चालू आहे.

तुझा परिसर मी त्याच डोळ्यांनी पाहिला, आणि सगळ्यात जास्त वेळ रमले ती आसूदला. रस्त्यावरून पाखाडी उतरली, सुपारीच्या सावलीत शिरली, साकव ओलांडला आणि समोर पायऱ्या. वर केशवराजाचं देऊळ, गोमुखातून पडणारं गार पाणी. सगळे देवळाची स्तुती करतात, ती खरीच आहे. माझे पाय मात्र खाली पाटापाशी अडकले. डोंगरातलं पाणी दगडी पाटाने वाडीवाडीतून फिरवलेलं. एका बागेचं झालं की दुसरीचं. एका आगरातल्या आजोबांनी पाटातलं मातीचं ढेकूळ पायाने सरकवलं, पाणी वळलं, सुपारीच्या आळ्यात भरलं, मग त्यांनी तेच ढेकूळ पायानेच परत जागेवर बसवलं. हात कमरेवरच होते.

ते पाहून मला आमच्या धुळे जिल्ह्यातला पांझरेचा काठ आठवला. साक्रीकडे नदीवर एकामागून एक जुने दगडी बंधारे आहेत, शेकडो वर्षांपूर्वीचे. त्यांतून पाट निघतात आणि पाटाखालची जमीन ‘फड’ म्हणून वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, नदीला पाणी किती आहे ते पाहून कुठला फड भिजवायचा आणि कुठला कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे कोरड वाट्याला आली तर सगळ्यांच्याच येते. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. पिकातून त्याला त्याचा वाटा. सरकारी कालवे यायच्या कितीतरी आधी माणसांनी हे बसवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. आता पांझरेत पाणी कमी, विहिरी-बोअर जास्त, आणि फड बरेचसे मोडकळीला आले आहेत. आसूदचा पाट वाहता पाहून मला आनंद झाला आणि पोटात कालवलंही. तुझ्या माणसांना माझी कळकळीची विनंती आहे, तो पाट मोडू देऊ नका. बोअरचं पाणी एकेकाच्या मालकीचं असतं, पाटाचं पाणी शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय येत नाही.

३ जून २०२० ची आठवण तुझ्या वाड्यांत अजून जागोजाग आहे. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही घराघरांत टाळेबंदीत बसून बातम्या पाहत होतो. तुझी कौलं उडाली, आंजर्ले, केळशी, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. खानदेशी माणसाला आडवी झालेली बाग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात रावेर, मुक्ताईनगरकडे घड धरलेल्या केळी रात्रीतून जमिनीला टेकतात, आणि सकाळी घरातला कर्ता माणूस बांधावर जाऊन नुसता उभा राहतो. पण आमची केळी पुढच्या वर्षी पुन्हा येते. सुपारी लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं. नारळाचंही तसंच. आज लावलेल्या झाडाचं उत्पन्न बहुधा नातवंडांच्या शाळेच्या वेळी कामाला येणार हे माहीत असून तुझ्या माणसांनी पुन्हा रोपं लावली. मुरूडला एका वाडीत जुनी उंच झाडं तुरळक, त्यांच्यामध्ये कमरेएवढी, खांद्याएवढी नवी रोपं, प्रत्येकाच्या बुंध्याशी नारळाच्या सोडणांचं आच्छादन. खानदेशातून येणाऱ्या प्रत्येकाने समुद्राआधी ती बाग पाहावी.

मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. लहानपणी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेलेला मुलगा. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं, आणि पुढे त्यांनी हिंगण्याला स्त्रियांसाठी केवढं काम उभं केलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते भारतरत्न झाले. शेणामातीच्या घरांतली मी पहिली शिकलेली पिढी. मुरूडला जाणं मला तीर्थाला जाण्याइतकंच महत्त्वाचं वाटलं.

तुझ्या सुवर्णदुर्गावरही जाऊन आलो. होडी लागते, भरती-ओहोटी पाहून जावं लागतं, आत झाडोरा फार आहे. दाराशी दगडात कोरलेलं कासव आहे आणि तटाच्या भिंतीत मारुती. कान्होजी आंग्र्यांच्या कर्तृत्वाची सुरुवात या किल्ल्याशी जोडलेली आहे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो घेतला, आणि तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. आपल्याच किनाऱ्याचं बळ आपल्याच माणसांनी परक्याच्या तोफांपुढे घातलं. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. तटावर उभं राहून त्याविषयी वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

गेल्या काळात मात्र एक मोठी गोष्ट घडली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून एकत्र नोंदवले. त्यांत तुझा सुवर्णदुर्ग आहे आणि आमच्या अहिराणी बोलणाऱ्या बागलाणातला साल्हेरही आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच, तुझा दुर्ग लाटांच्या पातळीवर. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. एकाच राज्याने एक किल्ला डोंगराच्या टोकावर आणि एक समुद्रात सांभाळला. आता तुझ्याकडे गर्दी वाढणार, साल्हेरकडेही वाढणार.

गर्दीचं म्हणशील तर इटलीतल्या एका किनाऱ्याची गोष्ट तुझ्या ग्रामपंचायतीने वाचावी. लिगुरियाच्या कड्यांवर चिंक्वे तेर्रे नावाने ओळखली जाणारी पाच लहान गावं आहेत. माशांवर आणि द्राक्षांवर जगणारी. कड्याच्या उतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या, तुझ्या चिऱ्यांच्या गडग्यांच्या जातीच्या, पिढ्यांनी हातांनी उभ्या केलेल्या. १९९७ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. जगभरचे लोक लोटले. पण शेती करणारे हात कमी होत गेले होते, द्राक्षांच्या पायऱ्या ओस पडत होत्या, आणि बांध दर वर्षी दुरुस्त केला नाही तर ढासळतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो या दोन गावांत चिखल-दगडांचा लोंढा घुसला. माणसं गेली, घरांचे खालचे मजले बुजले. आता तिथे बांध पुन्हा रचायला शिकवतात, ओसाड पायऱ्या नव्याने कसायला माणसं शोधतात. लोक जे पाहायला येत होते ते शेतकऱ्याच्या रोजच्या कामाने टिकलेलं होतं, आणि काम थांबलं तेव्हा डोंगर खाली आला. तुझं बंदर, तुझे पाट, तुझे गडगे कामात राहिले पाहिजेत असं मी म्हणते ते याच भीतीने.

आणि आता आमच्या माणसांना, तुझ्यादेखत. कर्द्यापासून मुरूडपर्यंत वाळूवर गाड्या घालणं बंद करा. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीत चाकं धरते, मग गावकरी दोर लावून ओढत बसतात, आणि हे दर सुट्टीत होतं. त्याहून वाईट म्हणजे याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने आणि गावकऱ्यांच्या साथीने ती अंडी जपली. आता आंजर्ल्यासारख्या गावांतही तसंच काम चालतं. घरट्यातली अंडी उचलून कुंपणाच्या आत पुरतात, पिल्लं निघायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी पिल्लं समुद्राकडे सोडतात. मी वेळासला पाहिलं. टोपलीखालून पिल्लं निघाली, तळहाताहून लहान, वाळूने माखलेली. दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं गप्प होती. एक पिल्लू उलटं पडलं, पाय हलवत राहिलं. कार्यकर्त्याने कुणालाही हात लावू दिला नाही. एका लाटेने ते सुलटं केलं आणि दुसरीने नेलं. त्या गावात लोकांनी आपल्याच घरात पाहुण्यांची सोय केली आहे. पडवीत झोपा, घरच्यांबरोबर जेवा, पैसे सरळ त्या घरात जातात. हॉटेल शोधण्याआधी असं घर शोधा. मासे खात नसाल तर तसं आधी सांगा. आमच्या मामांना तिथे घावणे, फणसाची भाजी आणि सोलकढी मिळाली, आणि त्यांनी दोनदा मागून घेतली.

तुझ्याकडे शेवटचं मागणं. पालगडच्या आणि अमळनेरच्या मुलांनी एकमेकांकडे आठवडाभर राहून यावं. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते साऱ्या देशाच्या भाषांसाठी. आपण निदान दोन गावांपासून सुरुवात करू. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा तुझ्या मुलांनी येऊ नये, तेव्हा आमच्याकडे पेरणीची धांदल असते. त्यांनी थंडीत यावं. तेव्हा आमची वांगी भरतात, शेतात काट्याकुट्यांचा जाळ करून ती भाजतात, लाकडी बडजीत कुटतात, वर हिरवी मिरची, शेंगदाणे आणि कांद्याची पात. कळण्याची भाकरी किंवा पुरी. मग मामा त्यांना केळीच्या बागेत नेतील, घड कसा उतरवतात आणि खांद्यावर कसा तोलतात ते दाखवतील, आणि बाजार समितीच्या बोर्डासमोरही उभं करतील. धुळ्याला गेली तर राजवाडे मंडळातली कागदपत्रं पाहतील. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा असते. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मुलांना तोही दाखवू.

आमची मुलं तुझ्याकडे येतील ती लिलाव चालू असतानाच्या हंगामात. त्यांना पहिल्या दिवशी किल्ला दाखवू नकोस. लिलावाला घेऊन जा, एखाद्या तांडेलाशेजारी उभं कर आणि खर्चाचा हिशोब सांगायला लाव. शाळांच्या बाजूने पत्रव्यवहार कुणी करायचा ते ठरवू. इकडून मी तयार आहे. दोन-तीन शिक्षकांशी बोलणंही झालंय. तिकडून कुणी पुढे आलं तर फाल्गुनाच्या आत पहिली तुकडी निघू शकेल.

कळावे, लोभ आहेच.

तुझी,
अमळनेर तालुक्यातली एक शिक्षिका